दूरच्या रणाचे मराठी भाष्यकार : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर

आमच्या मंडळाच्या गेल्या पन्नास वर्षांतील गणेशोत्सवांचे स्मरण केले, तर नाट्याचार्य खाडिलकरांच्या पदांशिवाय गेलेला उत्सव आम्हांस आठवत नाही. के. आर. पुरमच्या आमच्या छोट्याशा संसारात, कन्नड आणि तेलुगु शेजाऱ्यांच्या साक्षीने, ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांचे सूर कितीदा तरी घुमले आहेत. परंतु ज्या हातांनी ही नाटके लिहिली, त्याच हातांनी चार वर्षे युरोपातील महायुद्धाची हकीकत मराठी वाचकांसाठी सिद्ध केली, हे आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने खाडिलकरांच्या या दुसऱ्या अंगाचे स्मरण करावे, असे आम्ही योजिले आहे.

कृष्णाजीपंतांचा जन्म नोव्हेंबर १८७२ मध्ये सांगलीस झाला. पदवी संपादन करून आणि काही काळ शिक्षकी करून ते पुण्यास आले आणि १८९७ च्या सुमारास ‘केसरी’च्या परिवारात दाखल झाले. लोकमान्य टिळकांसारखा गुरू लाभल्यावर वृत्तपत्र हे त्यांस उपजीविकेचे साधन न राहता व्रत झाले. टिळकांच्याच प्रेरणेने ते नेपाळात गेले. वरकरणी तेथे कौलांचा कारखाना होता. त्याच्या आड शस्त्रनिर्मितीचा बेत होता. तो तडीस गेला नाही. मात्र बाहेरच्या राष्ट्रांच्या हालचालींचा आपल्या देशाच्या भवितव्याशी काय संबंध असतो, याचा विचार त्यांनी केवळ टेबलाशी बसून केलेला नव्हता, हे या साहसावरून दिसून येते.

तो काळही तसाच होता. १८९९ पासून दक्षिण आफ्रिकेत मूठभर बोअर शेतकऱ्यांनी बलाढ्य ब्रिटिश साम्राज्यास तीन वर्षे झुंजविले. १९०५ साली जपानने रशियास नमविले आणि आशियातील राष्ट्र युरोपीय सत्तेचा पराभव करू शकते, हे जगास दिसले. परराष्ट्रांच्या बातम्या त्या वेळच्या मराठी वाचकास करमणुकीच्या वाटत नसत. त्यांत तो स्वतःच्या देशाचे भविष्य शोधीत असे.

१९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. सैरंध्रीच्या विटंबनेत प्रेक्षकांनी पारतंत्र्यातील भारतमाता पाहिली आणि कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्यापूर्वी १९०८ मध्ये टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले होते आणि ‘केसरी’चा भार काही काळ खाडिलकरांनी वाहिला होता. १९१० च्या मुद्रण कायद्याने तर देशी पत्रांच्या गळ्याभोवती फास अधिकच आवळला. त्याच वर्षी ते ‘केसरी’तून बाहेर पडले. १९११ च्या ‘मानापमान’ने त्यांस संगीत रंगभूमीवर अपूर्व यश दिले. पत्रकार खाडिलकर आता संपले, असे कोणास वाटले असल्यास नवल नाही.

१९१४ च्या ऑगस्टात युरोपात वणवा पेटला आणि त्यांच्यातील पत्रकार पुन्हा उभा राहिला. पुण्याच्या चित्रशाळेतून १९१० पासून निघणाऱ्या ‘चित्रमय जगत्’ या मासिकात त्यांनी महायुद्धावर लेखमाला चालविली. महिन्यामागून महिना त्यांनी युद्धाच्या घडामोडींची संगती लावून दाखविली. पुढे हे लेखन ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाले. एकीकडे १९१६ साली ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी बालगंधर्वांच्या रूपाने रसिकांस मोहून टाकीत होती, आणि दुसरीकडे तिचाच जनक गॅलिपोली आणि व्हर्डन यांच्या नकाशांत गढून गेलेला होता! एकाच लेखणीची ही दोन रूपे पाहून आम्ही आजही थक्क होतो.

या कार्यातील अडचण मात्र ध्यानी घेतली पाहिजे. खाडिलकर रणांगणावर गेलेले बातमीदार नव्हते. हिंदुस्थानात येणाऱ्या युद्धाच्या तारा प्रामुख्याने रॉयटर या इंग्रजी वृत्तसंस्थेच्या असत. त्यांवर सरकारी तपासनिसाची नजर फिरलेली असे. १९१५ पासून भारत संरक्षण कायद्याचा बडगाही होताच. जेत्यांनी गाळून दिलेल्या बातम्यांतून जित देशाच्या वाचकासाठी सत्य वेचावयाचे, हे काम सोपे नव्हे. पुराणकथेच्या पडद्याआडून जे सांगावयाचे तेही सरकारने बंद केले असता, परक्यांच्या युद्धाचा वृत्तान्त हीच एक खिडकी थोडीशी उघडी उरली होती, असे आम्हांस वाटते. साम्राज्ये अजिंक्य नसतात, हे तेथून कोणावर टीकेचा एक शब्दही न उच्चारता दिसत होते.

तरीही या खिडकीतून सारेच दिसत नसे, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या युद्धासाठी समुद्रापार गेली. सुमारे चौऱ्याहत्तर हजार परत आली नाहीत. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून पडलेल्या वेढ्यात १०३ व ११० या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेस शरण जावे लागले आणि कैदेच्या वाटेवर कित्येकांनी प्राण सोडले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील ज्या घरातून तो शिपाई गेला, त्या घराची व्यथा तारेतून येत नसे. आमच्या बंगळुरातूनही माणसे गेली होती. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेणाऱ्या घोडदळात म्हैसूर लान्सर्स होते. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ येथील जयचामराजेंद्रनगरात आहे. आमच्यापैकी अनेकजण त्याच्यावरून वर्षानुवर्षे गेले, परंतु थांबून त्यावरील अक्षरे वाचणारे थोडेच.

युद्ध संपले, पण त्याचे परिणाम संपले नाहीत. महागाईने गरिबांचे कंबरडे मोडले. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाने देशभर एक कोटीहून अधिक बळी घेतले. युद्धात साह्य केल्याबद्दल स्वराज्याची वाट पाहणाऱ्या देशाच्या पदरात १९१९ साली रौलेट कायदा आणि जालियनवाला बाग पडली. तुर्कस्तानच्या पराभवातून खिलाफतीचा प्रश्न उभा राहिला आणि तो असहकाराच्या चळवळीशी जोडला गेला. युरोपातील एका राजपुत्राच्या हत्येपासून निघालेला धागा अशा रीतीने अमृतसरच्या बागेपर्यंत आणि मराठी शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला होता. ज्यांनी चार वर्षे तो धागा हातात धरून ठेविला होता, त्यांस देशातील नव्या वादळाचा अर्थ उमगण्यास वेळ लागला नसेल.

युद्धाच्या अखेरच्या पर्वात खाडिलकर पुन्हा ‘केसरी’त आले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. त्यानंतर खाडिलकरांनी महात्मा गांधींच्या मार्गास साथ दिली, आणि जुन्या सहकाऱ्यांशी मतभेद होऊन ज्या पत्रात आयुष्य वेचले त्याचा त्यांनी निरोप घेतला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर घरदार बांधून बसलेल्या माणसाने असे उठणे किती कठीण, हे गाव सोडून आलेल्या आम्हांस समजावून सांगावयास नको. मुंबईस जाऊन त्यांनी प्रथम ‘लोकमान्य’ हे दैनिक चालविले आणि ७ मार्च १९२३ रोजी ‘नवाकाळ’ सुरू केला. १९२९ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांस कारावास घडला. पत्राची धुरा पुढे त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी वाहिली. १९३३ साली नागपूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले. उत्तरायुष्यात त्यांचे मन अध्यात्माकडे वळले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याचे एक वर्ष पाहून, त्यांनी देह ठेविला. ‘नवाकाळ’ने मात्र शतकाचा टप्पा ओलांडला.

योगायोग असा की, त्याच १९४८ साली आमच्या के. आर. पुरमशेजारी दूरवाणीनगरचा टेलिफोनचा कारखाना स्थापन झाला. दूरचा आवाज जवळ आणणाऱ्या त्या कारखान्याच्या आधाराने येथे कितीतरी कुटुंबे स्थिरावली. त्यांची मुले-नातवंडे आता पाचही खंडांत पसरली आहेत. १९९० साली कुवेत पडले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांस विमानांनी परत आणावे लागले. १ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील खार्किव येथे आपल्या हावेरी जिल्ह्यातील एक वैद्यकीय विद्यार्थी तोफमाऱ्यात बळी पडला, तेव्हा ते युद्ध कर्नाटकाच्या एका खेड्यातील अंगणात येऊन उभे राहिले. दूरचे युद्ध असे काही उरलेलेच नाही.

आज बातम्यांचा तुटवडा नाही. क्षणाक्षणाला चित्रे समोर येऊन आदळतात. उणीव आहे ती, ही बातमी कोणी दिली, तिच्यात काय गाळले आहे आणि तिचा भार शेवटी कोणाच्या घरावर पडणार, हे शांतपणे विचारणाऱ्या वाचकाची. तारेच्या चार ओळी आणि एक नकाशा एवढ्या सामग्रीवर खाडिलकरांनी असा वाचक घडविण्याचा उद्योग मांडला, आणि तोही मराठीत. आमच्या मंडळाच्या वाचनालयात मराठी वृत्तपत्र उघडणारी मंडळी दरवर्षी कमी होत आहेत, हे आम्ही जाणतो. पुढील गणेशोत्सवात ‘स्वयंवर’चे पद रंगेल, तेव्हा त्या पदाच्या कर्त्याने मायबोलीत सारे जग वाचावयास शिकविले होते, याची आठवण ज्येष्ठांनी एकदा तरी मुलांस द्यावी. या थोर पुरुषाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!