केसांची जनुकं, ताटातली डाळ आणि कमला सोहोनी

आईवडिलांचे केस काळेभोर, दाट. मग बाळाचे विरळ आणि तांबूस कसे? दर वेळी दोष जनुकांचा नसतो.

केस म्हणजे मुख्यतः केरॅटिन हे प्रथिन. ते बनवण्याची कृती आपल्या १२ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांवरच्या जनुकांत असते. पण नुसत्या कृतीने स्वयंपाक होत नाही, सामान लागतं. हे सामान म्हणजे अन्नातल्या प्रथिनांतून मिळणारी अमिनो आम्लं. ती फारच कमी पडली की केसांचा रंग उतरतो, केस सहज उपटून येतात. क्वाशिओरकोर या कुपोषणाच्या आजाराची ही एक खूण आहे.

गरिबाच्या ताटात हे सामान कसं यावं, यासाठी राबलेल्या शास्त्रज्ञ म्हणजे कमला सोहोनी.

जन्म १९११, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांची थोरली बहीण. मुंबईतून बी.एस्सी. होऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं.

तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधली प्रथिनं अभ्यासली. मग केंब्रिज गाठलं. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी वर काम करून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी घेणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक.

परदेशात न थांबता त्या परतल्या. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या, पुढे तिच्या संचालक झाल्या.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. डहाणू-तलासरीत ताड, शिंदीची झाडं ओळखीची. त्यांचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा, आंबला की ताडी. नीरेत त्यांना अ आणि क जीवनसत्त्वं, लोह सापडलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना ती दिल्यावर तब्येत सुधारल्याचं दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरा काही डाळीची जागा घेत नाही, प्रथिनांसाठी डाळ, दूध, अंडी हवीतच.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि काही काळातच त्यांचं निधन झालं.

जनुकं आईवडिलांकडून येतात. ताटात काय यावं, हे मात्र समाजाच्या हातात असतं.