अक्षरांचे कारागीर जावजी दादाजी

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्यात बोरीबंदराहून निघालेली आगगाडी भायखळ्यावरून ठाण्यास गेली. पुढल्याच वर्षी टपालाची नवी पद्धत सुरू झाली आणि अंतर कितीही असले, तरी हलके पत्र अर्ध्या आण्यात जाऊ लागले. त्या काळी भायखळ्यास एज्युकेशन सोसायटीचा छापखाना होता. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली त्याच छापखान्यात छापली गेली. मुद्रण, आगगाडी व टपाल ही साधने अशी एका काळी हाताशी आली आणि शाळेपासून दूर असलेल्या माणसालाही घरी बसून शिकता येण्याजोगे दिवस आले. त्या दिवसांना ज्यांच्या श्रमांचे साहाय्य झाले, त्यांपैकी एक जावजी दादाजी चौधरी होत.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत, भायखळ्याच्या दक्षिणेस असलेल्या उमरखाडीत झाला. घरची गरिबी असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर कामास लागले. छपाईसाठी लागणाऱ्या शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणत. नव्याने ओतलेले खिळे घासून गुळगुळीत करणे, हे त्या मुलाचे काम होते. ज्या वयात इतर मुले पाटीवर अक्षरे गिरवीत, त्या वयात जावजींच्या बोटांना अक्षरांची ओळख झाली ती अशी!

खिळा तयार करणे हे मोठ्या कौशल्याचे काम असते. प्रथम पोलादाच्या तुकड्यावर उलटे अक्षर कोरून ठसा तयार करावा लागतो. तो ठसा तांब्यावर ठोकला म्हणजे अक्षराचा साचा मिळतो. त्या साच्यात शिसे व इतर धातूंचा रस ओतून खिळे पाडतात. देवनागरी लिपीत तर मात्रा, वेलांट्या, उकार व जोडाक्षरे असल्यामुळे शेकडो निरनिराळे खिळे लागतात. एखादी मात्रा झिजली किंवा अनुस्वार उमटला नाही, तर शब्दाचा अर्थच बदलतो. वर्गात असे झाले, तर गुरुजींना विचारता येते. परंतु खेड्यात एकटाच वाचीत बसलेला मुलगा कोणाला विचारणार? त्याचे गुरुजी म्हणजे समोरचा छापील कागदच. म्हणून अक्षर स्वच्छ, ठसठशीत व निर्दोष असणे अत्यंत आवश्यक होते.

ही विद्या जावजींनी मुंबईतील निरनिराळ्या छापखान्यांत नोकरी करून, पाहून व हाताने करून आत्मसात केली. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल अक्षर-कारागीर त्यांना सहकारी म्हणून लाभला. दोघांनी मिळून देवनागरी अक्षरांना सुबक वळण दिले. पुढे १८६९ साली जावजींनी निर्णयसागर हा छापखाना सुरू केला. तेथील छपाईच्या शुद्धतेची व सौंदर्याची कीर्ती लवकरच दूरवर पसरली.

१८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक निर्णयसागरमधून निघू लागले. चरित्रे, कविता, निबंध व शास्त्रीय माहिती यांनी भरलेले हे अंक टपालाने गावोगावी जात. मुंबई कधीही न पाहिलेल्या मुलांना त्यांतून जगाची ओळख होई. १८८६ साली ‘काव्यमाला’ ही ग्रंथमाला सुरू झाली आणि तोवर हस्तलिखितांत राहिलेले अनेक संस्कृत ग्रंथ सामान्य अभ्यासकांच्या हाती आले.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी निर्णयसागरची परंपरा पुढे चालविली.

त्यानंतर दूर राहून शिकणाऱ्यांसाठी आकाशवाणी, दूरदर्शन, संगणक अशी नवी नवी साधने आली. नाशिक येथे १८८९ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९८९ साली, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेथील विद्यार्थ्यांच्या हातीही छापील पाठ्यपुस्तक असतेच. ज्याला स्वतःला शाळेत फार काळ बसता आले नाही, अशा एका मुलाने खिळे घासता घासता असंख्य अपरिचितांच्या शिक्षणाची वाट गुळगुळीत केली, ही गोष्ट अक्षरे वाचणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.