किड्यांचे गुरुजी : जाँ आंरी फाब्र



मागच्या दिवाळीला घर सारवायला काढलं होतं. भिंतीच्या कोपऱ्यात कुंभारणीची मातीची दोन घरं होती. मी खराट्याने एक पाडलं, दुसरं पाडणार तोच आज्जीने हात धरला. तिचं म्हणणं असं की, कुंभारीण अळी धरून आणते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि ते ऐकून ऐकून अळीचीच कुंभारीण होते. मला काही ते पटेना. शाळेत गुरुजींना विचारलं, तर त्यांनी उत्तर दिलंच नाही. त्यांनी मला फाब्र यांची गोष्ट सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

जाँ आंरी फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये फ्रान्स देशातील सां लेओं या खेड्यात झाला. घरची फार गरिबी. लहानपणी काही वर्षे ते आजीआजोबांच्या शेतावर राहिले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते मास्तर झाले. १८४२ साली कार्पांत्रा गावच्या शाळेत नोकरी लागली. पगार वर्षाला फक्त ७०० फ्रँक!

एकदा ते मुलांना माळावर जमीन मोजायला शिकवीत होते. पण मुलं मधेच खाली वाकायची, दगड उचलायची, नि काम तसंच राहायचं. फाब्र यांनी जवळ जाऊन पाहिलं तर काय, एक काळी मधमाशी दगडावर मातीची घरं बांधते आणि मुलं गवताच्या काडीने त्यातला मध ओढून पितात! दुसरे कोणी असते तर छडीच काढली असती. फाब्र मात्र मुलांच्या शेजारी बसून मध चाखू लागले. त्या माशीची माहिती हवी म्हणून त्यांनी एक महिन्याचा सगळा पगार खर्चून किड्यांवरचा ग्रंथ विकत घेतला.

पुढे त्यांनी एक शिकारी गांधीलमाशी पाहिली. ती भुंगेरे पकडून बिळात साठवते आणि ते कितीतरी दिवस कुजत नाहीत. मोठ्या शास्त्रज्ञांना वाटे की माशी भुंगेऱ्याला मारते आणि तिच्या विषामुळे तो टिकतो. फाब्र यांनी काय केलं? माशीच्या समोरून तिचा भुंगेरा हळूच काढून घेतला नि तिथे जिवंत भुंगेरा ठेवला. माशीने त्याला पालथा धरून पायांच्या मधोमध डंख मारला. तिथेच त्याच्या मज्जातंतूंच्या गाठी असतात. भुंगेरा मेला नाही, नुसता लुळा पडला. माशी त्याच्यावर अंडं घालते. अंड्यातून निघालेल्या पिलाला असं ताजं अन्न मिळतं. हा शोध १८५५ साली छापून आला. डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञानेही आपल्या ग्रंथात फाब्र यांचं कौतुक केलं.

पण त्यांचं दैव काही बरं नव्हतं. आव्हिन्यों शहरात ते संध्याकाळी मोफत वर्ग घेत. तिथे मुलीही शिकायला येत. फुलाचं फळ कसं होतं हे त्यांनी मुलींना शिकवलं, म्हणून काही लोक चिडले. नोकरी सुटली, राहतं घरही सोडावं लागलं. मग शाळेची पुस्तकं लिहून त्यांनी संसार चालवला. १८७७ साली त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा जूल वारला. किडे शोधायला तो नेहमी त्यांच्याबरोबर असायचा. नव्या सापडलेल्या काही माश्यांना त्यांनी त्याचं नाव दिलं.

१८७९ साली सेरिन्यां गावी त्यांनी दगडगोट्यांचा एक पडीक माळ घेतला. तिथे पीक येत नव्हतं, पण किडे भरपूर होते! तिथेच त्यांनी किड्यांवरच्या दहा मोठ्या पुस्तकांची माला १९०७ पर्यंत पुरी केली. घरातली लहान मुलं त्यांना मदत करीत. तिथे त्यांनी कोळी आणि विंचूही पाळले. एक कोळीण पिलांना पाठीवर घेऊन हिंडायची. फाब्र यांनी पिलं कुंचल्याने झाडून दुसऱ्या कोळिणीजवळ ठेवली, तर ती मुकाट तिच्याही पाठीवर चढली.

फाब्र चुकलेही. झाडावर किर्र ओरडणाऱ्या किड्यांखाली त्यांनी तोफ उडवली. किडे थांबले नाहीत, म्हणून ते बहिरे असावेत असं त्यांना वाटलं. पण त्या किड्यांच्या पोटाशी कान असतात, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी फाब्र वारले. त्यांचं घर पुढे संग्रहालय झालं.

गोष्ट ऐकून मी घरी पळत गेले. पाडलेलं घर कोपऱ्यात तसंच पडलं होतं. आत चार हिरव्या अळ्या होत्या. काडी लावली तर एक जराशी हलली! मेलेली नव्हती, लुळी होती. मी आज्जीला दाखवलं. आज्जीनेही बरोबरच पाहिलं होतं, आत अळी जाते आणि बाहेर कुंभारीण येते. मधलं तेवढं भिंतीआड असल्याने दिसत नव्हतं. मला मात्र वाईट वाटलं, कारण ते पिलाचं जेवण मी उधळलं होतं. दुसरं घर आम्ही ठेवलं. पुढे एके दिवशी त्याला गोल भोक पडलेलं दिसलं. आज्जीच आधी ओरडली.

मित्रांनो, किडा दिसला की लगेच चप्पल उचलू नका. आधी पाय मोजा. सहा असले तर कीटक. आठ असले तर तो कोळी किंवा विंचवाच्या भाऊबंदांपैकी. विंचू आणि गांधीलमाशी मात्र लांबूनच बघा. आणि पालकहो, आम्ही मातीत बसून काही पाहत असलो तर लगेच रागावू नका. थोडा वेळ आमच्याजवळ बसा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी