विश्लेषण : जुळ्या बाळांना वाचवणाऱ्या मेरी स्लेसर कोण होत्या?

सप्टेंबर १८७६. स्कॉटलंडच्या कापड गिरणीत राबलेली २७ वर्षांची मेरी स्लेसर मिशनरी म्हणून आजच्या नायजेरियातील कॅलाबार बंदरात उतरली. त्या भागात जुळी मुले जन्मताच मारली जात. पुढची जवळपास ३८ वर्षे स्लेसर यांनी तिथेच काढली. लोकांच्या मनातल्या भीतीशी त्या कशा लढल्या?

गिरणी ते कॅलाबार…

स्लेसर यांचा जन्म २ डिसेंबर १८४८ रोजी ॲबर्डीनमध्ये झाला. वडील जोडे शिवत, पण दारूपायी घर बुडाले. कुटुंब डंडी शहरात आले आणि ११ व्या वर्षी मेरी गिरणीत लागली. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस शाळा. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या निधनानंतर आफ्रिकेला जाण्याचा त्यांचा विचार पक्का झाला. कॅलाबारला त्या एफिक भाषा शिकल्या आणि स्थानिकांचेच अन्न खाऊ लागल्या. पुढे तर टोपी आणि बूटही सुटले. इतर गोऱ्या मिशनऱ्यांना हे रुचणे कठीणच होते.

जुळ्यांची भीती कशासाठी?

एका पुरुषापासून एका वेळी एकच मूल होते, दुसरे दुष्टात्म्याचे, अशी समजूत होती. दोघांतले कोणते कोणाचे हे ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही बाळे मडक्यात घालून रानात टाकली जात. आईला गावाबाहेर काढले जाई. याला निव्वळ क्रौर्य म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती भीती होती आणि आईबापांनाही ती तितकीच वाटे.

१८७८ मध्ये ब्रिटिश कॉन्सुल आणि कॅलाबारचे प्रमुख यांच्यात करार होऊन ही प्रथा बंद झाली, पण मुख्यत्वे कागदावर. स्लेसर टाकलेली बाळे उचलून घरी आणत. जेनी ही त्यातलीच एक. तिच्या जुळ्या भावाला नातेवाइकांनी मारले. जेनीला मात्र स्लेसर यांनी मुलगी म्हणून वाढवले, स्कॉटलंडलाही नेले. शापित समजली गेलेली मुले अंगणात खेळत होती आणि गावावर काही संकट कोसळत नव्हते. प्रवचनापेक्षा हे जास्त बोलके होते.

मृतदेहाला छत्री आणि आरसा का?

१८८८ मध्ये स्लेसर आतल्या ओकोयाँग भागात एकट्या राहायला गेल्या. तिथला प्रमुख एडेम याचा मुलगा एटिम घर बांधताना ओंडका लागून जखमी झाला आणि काही दिवसांनी दगावला. तिथे अपघात हे मृत्यूचे कारण मानलेच जात नसे. कोणीतरी करणी केली असणार, हे ठरलेले. शेजारच्या गावातले लोक साखळदंडाने बांधून आणले गेले. आता त्यांना ‘एसेरे’ बीचा काढा पाजायचा. उलटी झाली तर निर्दोष, मेला तर दोषी.

स्लेसर यांनी श्रद्धेची टिंगल केली नाही. मुलाला मान मिळालाच पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. मृतदेहाला रेशमी कपडे, डोक्याला फेटा आणि पिसांची टोपी घातली, वर छत्री धरली, समोर आरसा ठेवला. हा थाट पाहून गाव हरखले. तरीही कैद्यांवर रात्रंदिवस पहारा द्यावा लागला. अखेर एकही माणूस मारला गेला नाही, बळी गेली ती एक गाय.

हे स्लेसर यांनी एकटीने केले नाही. एडेमची बहीण मा एमे गावात काही शिजू लागले की औषधाची रिकामी बाटली भरून आणायला पाठवी. तो धोक्याचा इशारा असे. मिशनच्या बाजूने लिहिलेल्या चरित्रांत अशा स्थानिक स्त्रियांना थोडक्यात उरकले जाते, हे खटकते.

‘एसेरे’ बीचे पुढे काय झाले?

ही बी एडिनबरोच्या प्रयोगशाळेत पोहोचली आणि १८६४ मध्ये तिच्यातून फायसोस्टिग्मिन वेगळे काढण्यात आले. काचबिंदूवर ते वापरले गेले. आपल्याकडच्या धोतऱ्याच्या विषबाधेवरही ते उतारा ठरते.

मग श्रद्धा संपल्या का?

१८९२ मध्ये ब्रिटिशांनी स्लेसर यांना ओकोयाँगमध्ये व्हाइस कॉन्सुल नेमले. त्या न्यायनिवाडा करू लागल्या, म्हणजे साम्राज्याच्या सत्तेचाही भाग झाल्या. १३ जानेवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये क्लाइड्सडेल बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

जुळ्यांची हत्या त्या भागात मागे पडली. पण त्यांनी शेवटची वर्षे जिथे घालवली, तो इटू परिसर आज अक्वा इबोम राज्यात येतो. तिथे अलीकडच्या काळात लहान मुलांना चेटूक करणारी ठरवून घराबाहेर काढले गेले आणि त्यात काही चर्चमधल्या पाद्र्यांचाच हात होता. मुलावर असा आरोप करणाऱ्याला तुरुंगात पाठवणारा कायदा राज्याला २००८ मध्ये करावा लागला.