बेव्हन यांचा हट्ट

एप्रिल १९५१ मध्ये अनायरिन बेव्हन यांनी ब्रिटनच्या मजूर मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. निमित्त होते दातांची कवळी आणि चष्मा. या दोन वस्तूंची निम्मी किंमत रुग्णाने भरावी, अशी तरतूद अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी अंदाजपत्रकात केली होती. तीतून पहिल्या वर्षी सरकारचे १ कोटी ३० लाख पौंड वाचणार होते. उलट कोरियन युद्धाच्या छायेत आखलेला शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा होता. एवढ्याशा रकमेसाठी मंत्रिपदावर पाणी सोडणे हा अनेकांना शुद्ध हटवादीपणा वाटला. या हटवादीपणाचे मूळ वेल्समधील कोळशाच्या खाणींत आहे.

ट्रेडेगार या खाणकामगारांच्या गावी १५ नोव्हेंबर १८९७ रोजी बेव्हन यांचा जन्म झाला. वडील खाणीत कामाला. स्वतः बेव्हन तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरले. बोलताना ते अडखळत. पुढे पार्लमेंटमध्ये चर्चिलसारख्याला जेरीस आणणाऱ्या या वक्त्याचा शब्दसंग्रह वाढला तो गावातील कामगारांच्या वाचनालयात. १९२५ मध्ये वडील फुप्फुसात साचलेल्या कोळशाच्या धुळीने गेले. तो आजार त्या काळी कायद्याच्या लेखी व्यवसायजन्य नव्हता, म्हणून नुकसानभरपाईचा एक पैसाही कुटुंबाला मिळाला नाही.

पण याच गावाने त्यांना एक वेगळी व्यवस्थाही दाखविली. ट्रेडेगारचे कामगार आपल्या मजुरीतून दर आठवड्याला काही पेनी एका वैद्यकीय साहाय्य मंडळाकडे जमा करीत. त्या निधीतून डॉक्टर नेमले जात आणि कामगारांबरोबर त्यांच्या बायकामुलांवरही उपचार होत. (याच मंडळाच्या नोकरीत असलेल्या ए. जे. क्रोनिन या डॉक्टरांनी पुढे ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. १९७१ चा ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे.) देशात इतरत्र स्थिती निराळी होती. १९११ च्या विमा कायद्याने ठराविक मिळकतीच्या आतील कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. साहजिकच घरातील स्त्री दुखणे अंगावर काढी.

१९२९ मध्ये एब व्हेल मतदारसंघातून निवडून आलेले बेव्हन १९४५ मध्ये ॲटली यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला. धर्मादाय आणि नगरपालिकांची मिळून अडीच हजारांहून अधिक रुग्णालये सरकारने ताब्यात घ्यावयाची, खर्च मुख्यतः सामान्य करांतून भागवायचा आणि उपचाराच्या वेळी कोणाकडूनही पैसे घ्यावयाचे नाहीत, अशी ही योजना होती. हुजूर पक्षाने विरोधी मतदान केले. खुद्द मंत्रिमंडळातही हर्बर्ट मॉरिसन रुग्णालये नगरपालिकांकडेच राहावीत म्हणून अडून बसले होते. आपल्याकडील भोर समितीचा अहवालही १९४६ चाच. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांना वंचित राहू नये, हे तत्त्व त्या समितीने तितक्याच स्पष्टपणे मांडले होते. फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये त्या तत्त्वासाठी भांडणारा मंत्री होता.

खरी लढाई डॉक्टरांशी झाली. आपण सरकारी पगारी नोकर होऊ आणि दवाखाना विकण्याचा परंपरागत हक्क बुडेल, ही त्यांची धास्ती. फेब्रुवारी १९४८ मध्ये वैद्यकांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात सुमारे एक्केचाळीस हजार डॉक्टर कायद्याच्या विरुद्ध गेले. बाजूने पाच हजारही नव्हते. योजना सुरू व्हावयास जेमतेम पाच महिने उरलेले. या वेळी बेव्हन यांनी जी माघार घेतली, ती डाव्या विचारांच्या मंडळींना पुष्कळ खटकली. तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मुभा आणि सरकारी रुग्णालयांतच पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी खाटा मिळाल्या. साध्या डॉक्टरांना पगाराऐवजी नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येनुसार मोबदला ठरला. दवाखान्यांची विक्री बंद झाली, तिच्या बदल्यात ६ कोटी ६० लाख पौंड भरपाई मान्य झाली. नवा कायदा केल्याखेरीज पगारी नोकरी लादणार नाही, हेही कायद्यात घालून दिले. मे महिन्याच्या दुसऱ्या मतदानात विरोध बराच ओसरला आणि ५ जुलै १९४८ रोजी सेवा ठरल्याप्रमाणे सुरू झाली.

या सवलतींची यादी पाहिली, तर बेव्हन यांना हटवादी कसे म्हणावे? डॉक्टरांना पैसा, मान, स्वायत्तता सारे काही त्यांनी देऊ केले. दिले नाही ते एकच: रुग्णाच्या खिशाला हात लावण्याचा अधिकार. उपचारापूर्वी पैशाचा विचार करावा लागला, की गरीब माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, हे त्यांनी ट्रेडेगारमध्ये पाहिले होते.

सेवा सुरू होताच खर्च अंदाजापलीकडे गेला. उधळपट्टीची ओरड झाली. पण वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी एकदम दवाखान्यात आली होती, अंधुक दिसत असताना स्वस्त बाजारी चष्म्यावर भागवणारी माणसे प्रथमच डोळे तपासून घेत होती. खजिन्याच्या दडपणाखाली १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकारण्याचा अधिकार देणारी तरतूद बेव्हन यांनीही नाइलाजाने मान्य केली होती, तो अधिकार प्रत्यक्षात वापरू मात्र दिला नाही. विरोधकांनी ही विसंगती दाखविली, ती गैर नव्हती. शिवाय १९५१ च्या राजीनाम्याने पक्ष दुभंगला आणि त्याच ऑक्टोबरात चर्चिल पुन्हा सत्तेवर आले. राजकारणाच्या हिशेबात बेव्हन चुकले, असेच म्हणावे लागेल. तत्त्वाच्या बाबतीत मात्र त्यांचा होरा खरा ठरला. कवळीपाठोपाठ १९५२ मध्ये चर्चिल सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर तो शिलिंग बसविलाच.

या सेवेवर पैशाची नासाडी होते काय, हे तपासण्यासाठी त्याच सरकारने गिलबॉ समिती नेमली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत सेवेचा खर्च वाढला नसून उलट घटला आहे आणि इमारतींवर तर तो फारच तोकडा पडतो, असा तिने जानेवारी १९५६ मध्ये निर्वाळा दिला. काटकसरीच्या हेतूने नेमलेल्या समितीकडून बेव्हन यांच्या पदरात पडलेले हे माप होते. ६ जुलै १९६० रोजी, पोटाच्या कर्करोगाने, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. सेवेला बारा वर्षे पूर्ण होऊन एकच दिवस लोटला होता. त्यांच्या वेल्सने औषधाच्या चिठ्ठीवरील आकार २००७ मध्ये रद्द केला. इंग्लंडमध्ये तो अजून भरावा लागतो.