परवानगी नाकारली, तर पठ्ठ्या भिक्षूच्या वेशात एव्हरेस्टला निघाला

१९३० च्या दशकात एव्हरेस्टला जायचं तर तिबेटची परवानगी लागायची, तीही ब्रिटिश सरकारमार्फत. नेपाळची दारं बंदच होती.

ब्रॅडफर्डच्या मॉरिस विल्सनला हे मान्य नव्हतं. पहिल्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेला हा गडी. गिर्यारोहणाचा अनुभव शून्य! उपास आणि प्रार्थनेच्या जोरावर काहीही जमतं, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. जिप्सी मॉथ विमान घेतलं, उडवायला शिकला आणि हवाई मंत्रालयाची मनाई झुगारून मे १९३३ मध्ये निघाला. पोचला थेट बिहारमधल्या पूर्णियापर्यंत. तिथे विमान जप्त. नेपाळवरून उडायला नकार, तिबेटलाही नकार.

मग मार्च १९३४ मध्ये दार्जिलिंगहून तीन शेर्पांसोबत, भिक्षूच्या वेशात तो लपतछपत रोंगबुक मठात पोचला. कागद चुकवले, पण पुढे नॉर्थ कोलची बर्फाची भिंत होती. आदल्या वर्षीच्या मोहिमेनं खोदलेल्या पायऱ्या मिळतील असा त्याचा हिशेब. त्या केव्हाच बुजलेल्या.

डायरीतली शेवटची नोंद ३१ मेची. १९३५ मध्ये रीतसर परवाना घेऊन आलेल्या एरिक शिप्टनच्या तुकडीला त्याचा मृतदेह आणि ती डायरी सापडली. त्यांनी त्याला तिथेच हिमभेगेत पुरलं.