ईसीजीच्या कागदामागचा माणूस : लुइजी गॅल्व्हानी

वडोदरा : बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात छातीत कळ येऊन कुणी दाखल झालं की आधी ईसीजी काढतात. छातीला, हातापायांना तारा लागल्या की पुष्कळजण दचकतात, आता शॉक बसणार म्हणून. प्रत्यक्षात मशीन अंगात करंट सोडत नाही. हृदयाचीच जेमतेम एक मिलिव्होल्टची वीज कागदावर उमटते. प्राण्याच्या शरीरात स्वतःची वीज असते, हे प्रयोगांनिशी ठामपणे मांडलं ते इटलीतील बोलोन्याच्या डॉ. लुइजी गॅल्व्हानी यांनी.

जन्म १७३७ चा. विद्यापीठात ते शरीररचना शिकवायचे. पत्नी लुचिया ही त्यांच्याच गुरूंची मुलगी, प्रयोगांत बरोबरीने असायची. विद्युतयंत्राची ठिणगी उडाली त्याच वेळी कापलेल्या बेडकाच्या नसेला सुरी लागली आणि मेलेल्या बेडकाचा पाय झटकला. पुढे पितळी हुकाला टांगलेले पाय लोखंडाला टेकले, तर ठिणगीशिवायही आकसले. १७९१ मध्ये निबंध छापला गेला. तो बघायला लुचिया नव्हती. ती त्याआधीच वारली होती.

व्होल्टा यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते वीज दोन वेगळ्या धातूंची होती, बेडकाची नव्हे. त्यावर धातू बाजूला ठेवून नुसती नस स्नायूला टेकवली गेली, तरी पाय हललाच. खरं तर दोघांचंही अर्धं बरोबर होतं.

नसेतला करंट तारेतल्यासारखा धावत नाही. सोडियम, पोटॅशियमचे भारित कण पेशीच्या आतबाहेर होत तो पुढे सरकतो. बाहेरून शिरलेला करंटही अंगातल्या याच खारट पाण्यातून वाट काढतो. कोरडी कातडी त्याला बरीच अडवते. ती ओली झाली की अडसर कोसळतो. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाला, तर वाटेत हृदय लागतं आणि त्याचा ठेका बिघडतो. विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं की लाइट घालवतात ते उगाच नाही.

१७९८ मध्ये नेपोलियनने उभ्या केलेल्या प्रजासत्ताकाची शपथ घ्यायला गॅल्व्हानींनी नकार दिला. नोकरी गेली, पगारही गेला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ते वारले. वाद घालता घालता व्होल्टा यांनी १८०० मध्ये बॅटरी जगापुढे आणली. हृदयाची वीज नीट मोजणारं यंत्र मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या आइन्टहोवन यांनी केलं. त्याबद्दल १९२४ चं नोबेल मिळालं. त्यात रुग्णाला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. आता त्या जागी जेल लावतात.